तक्रारपेटी कोण उघडणार?

शाळेत एखादी भयंकर घटना उघडकीला आली, की पुढचे काही आठवडे मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा जोरात असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही बसवण्याचे, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे, तक्रारपेटी लावण्याचे आणि ‘सखी सावित्री’ समित्या कामाला लावण्याचे आदेश दिले. या उपायांची गरज आहेच. कुंपण, फाटकावरचा रखवालदार, कॅमेरा यांच्याशिवाय शाळा सुरक्षित म्हणता येणार नाही.

पण कॅमेऱ्याला काही गोष्टी दिसत नाहीत. मधल्या सुट्टीत एका मुलीला कुणीही डबा खायला सोबत घेत नाही, आडनावावरून किंवा बोलीवरून एखाद्याला रोज टोमणे ऐकावे लागतात, एक मुलगा दर सोमवारी पोटदुखीचे कारण सांगून घरी थांबतो, यातले काहीच पडद्यावर उमटत नाही. तक्रारपेटीचेही तसेच. त्यात चिठ्ठी टाकायची की नाही, हे मूल एकाच प्रश्नावर ठरवते : ही पेटी कोण उघडणार आणि त्यानंतर माझे काय होणार?

हा प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा वाटतो, पण त्याचा मुलांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे. त्याचे उत्तर शोधणारा जगातला एक मोठा अभ्यास आपल्याच देशात, बिहारच्या सरकारी शाळांमध्ये झाला. त्याचे मूळ गोव्यात होते. त्याचा निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि पालकाने समजून घ्यावा असा आहे.

एकटे पडल्याचे शरीराला कळते

माणसाला अन्न आणि निवारा लागतो, तसे कुठल्या तरी गटात आपले असणेही लागते. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लीरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ही मांडणी केली, तेव्हा त्यांनी या आपलेपणाला माणसाची मूलभूत गरज म्हटले. गरज भागली नाही, तर शरीर तशी सूचना देते.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या व्यक्तीला पडद्यावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला. खेळात आणखी दोघे आहेत असे तिला सांगितले होते. प्रत्यक्षात ते संगणकच चालवत होता. काही वेळाने त्या दोघांनी चेंडू आपसातच टाकायला सुरुवात केली. तिसऱ्याकडे चेंडू येईना. एवढ्या क्षुल्लक कारणाने त्या व्यक्तींना वाईट वाटले, आणि शारीरिक वेदनेच्या त्रासात जो मेंदूचा भाग सक्रिय होतो, तोच भाग तेव्हाही सक्रिय झालेला दिसला. प्रयोगात केवळ १३ जण होते आणि मेंदूचा तो भाग इतरही अनेक कामे करतो. त्यामुळे ‘मनाची आणि शरीराची वेदना एकच’ असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. मात्र डावलले जाण्याची नोंद मेंदू किती चटकन घेतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अनोळखी माणसांच्या खेळात जर हे होत असेल, तर रोज त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच मुलांमध्ये डावलले जाणाऱ्या मुलाचे काय होत असेल?

धोक्याची जाणीव झाली की मेंदूच्या आदेशावरून अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, लक्ष धोक्याकडे लागते. समोर साप आला तर ही यंत्रणा जीव वाचवते. पण ती महिनोन् महिने चालूच राहिली तर झोप बिघडते, डोके किंवा पोट दुखू लागते, चिडचिड वाढते. शिवाय ‘सुट्टीत तो पुन्हा गाठेल का’ या विचारात गुंतलेल्या मुलाच्या डोक्यात गणितातली पायरी लक्षात ठेवायला फारशी जागा उरत नाही. घरच्यांना मूल आळशी वाटते, शिक्षकांना ते दुर्लक्ष करते असे वाटते. खरे तर त्याचे लक्ष पूर्ण जागे असते, फक्त ते फळ्याकडे नसते.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. घराशी आणि शाळेशी आपले नाते आहे, असे ज्या मुलांना वाटत होते, त्यांच्यात मानसिक त्रास, हिंसा आणि व्यसने यांचे प्रमाण कमी आढळले. अशा पाहणीतून कारण कुठले आणि परिणाम कुठला, हे ठामपणे ठरत नाही. ते ठरवायचे तर शाळेत प्रत्यक्ष बदल घडवून पाहावा लागतो. तेच काम पुढे काही देशांत झाले.

मेलबर्न ते नालंदा

ऑस्ट्रेलियात मेलबर्न आणि परिसरातल्या २६ शाळांमध्ये १९९७ पासून ‘गेटहाउस’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्याचा रोख एकट्या मुलाला ‘सुधारण्या’वर नव्हता, शाळेचे वातावरण बदलण्यावर होता. मुलाला शाळेत सुरक्षित वाटावे, त्याचे म्हणणे ऐकले जावे आणि शाळेच्या कामात त्याला मान मिळावा, अशी तीन उद्दिष्टे ठरवली होती. नैराश्याच्या लक्षणांत फारसा फरक दिसला नाही, पण धूम्रपान व इतर धोकादायक सवयींवर परिणाम दिसू लागला. या प्रकल्पातले एक प्रमुख संशोधक जॉर्ज पॅटन पुढे भारतातल्या अभ्यासातही सहभागी झाले.

भारतात हे काम उभे केले ‘संगत’ या गोव्यातल्या संस्थेने. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था एका विचारासाठी जगभर ओळखली जाते : मानसोपचारतज्ज्ञ तुटपुंजे असलेल्या देशात, नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर सामान्य माणसेही मानसिक आरोग्याचे बरेच काम करू शकतात. शाळांमध्ये असे प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा प्रयोग आधी गोव्यातल्या काही शाळांत झाला. त्यानंतर मोठी चाचणी घ्यायचे ठरले, ती बिहारच्या नालंदा जिल्ह्यात. कार्यक्रमाचे नाव ठेवले ‘सेहर’, म्हणजे पहाट.

सरकारी माध्यमिक शाळांमधून ७५ शाळा निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एक शाळा नंतर बाहेर पडली आणि ७४ उरल्या. अभ्यासात नववीची मुले-मुली होती. सुरुवातीला सुमारे १३ हजार आणि वर्षाअखेर १४ हजारांहून अधिक. तिन्ही गटांत सरकारचा जीवनकौशल्यांचा वर्गपाठ चालूच होता. एका गटात तेवढाच. उरलेल्या दोन गटांत त्याच्या जोडीला ‘सेहर’चा कार्यक्रम होता.

कार्यक्रम तसा डोळे दिपवणारा नव्हता. परिपाठाच्या वेळी दादागिरी, मारहाण, स्त्री-पुरुष समानता, आरोग्य अशा विषयांवर बोलणे. मुलांनीच चालवलेले भित्तिपत्रक. मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी. मुलांचे गट आणि कार्यशाळा. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची एक समिती. आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. यात नवा शोध म्हणावा असे काहीच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांमध्ये यातले तुकडे आजही सापडतील.

तोच कार्यक्रम, दोन वेगळे निकाल

दोन गटांत फरक एवढाच होता की, हे काम कोण करणार. एका गटात त्यासाठी वेगळी नेमणूक केलेली व्यक्ती होती, ‘सेहर मित्र’. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. तिला कामाचे प्रशिक्षण दिले होते, तिच्यावर देखरेख होती आणि शाळेत तिचे दुसरे काही काम नव्हते. दुसऱ्या गटात शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन हीच जबाबदारी सोपवली.

निकाल २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचे वातावरण मोजण्यासाठी मुलांना विचारलेल्या प्रश्नांचे २८ पर्यंत गुण होते. शिक्षकांशी नाते कसे आहे, इथे आपण आपले आहोत असे वाटते का, निर्णयांत आपल्याला विचारतात का, असे हे प्रश्न. ‘सेहर मित्र’ असलेल्या शाळा, फक्त वर्गपाठ असलेल्या शाळांच्या साडेसात गुणांनी पुढे होत्या. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासांत एवढा फरक क्वचित दिसतो. त्याबरोबर नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी कमी झाली, मारहाण सहन करणारी आणि करणारी मुलेही कमी झाली. दुसऱ्या वर्षीही मुलांची पाहणी झाली, तेव्हा हा फायदा टिकून होता; काही बाबतीत तो वाढला होता.

आणि शिक्षकांनी चालवलेला तोच कार्यक्रम? त्या शाळांमध्ये आणि फक्त वर्गपाठ असलेल्या शाळांमध्ये फरक आढळला नाही. उपक्रम तेच, साहित्य तेच, पेटीही तीच. उपयोग मात्र झाला नाही.

हा निकाल ‘शिक्षक कमी पडतात’ असा वाचणे अन्यायाचे ठरेल. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच अभ्यासक्रम, परीक्षा, माहितीचे तक्ते, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे असतात. त्यात हे एक आणखी. शिवाय अडचण भूमिकेची आहे. जे गुण देतात, शिक्षा करतात, पालकांना बोलावून घेतात, त्यांच्यासमोर ‘मला वर्गात भीती वाटते’ हे सांगणे नववीतल्या मुलाला सोपे नसते. त्रासाचे कारण शिक्षकच असतील, तर विचारायलाच नको. पेटी उघडणारा हात आणि प्रगतिपुस्तकावर सही करणारा हात एकच असेल, तर पेटी रिकामी राहते. मग मुख्याध्यापक समाधानाने सांगतात, ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही.’

रिकामी पेटी म्हणजे सुरक्षित शाळा, असे समजण्यात मोठा धोका आहे. शाळेतले वातावरण सुधारू लागले की सुरुवातीला चिठ्ठ्या वाढतात, कारण मुलांना सांगण्यात काही अर्थ आहे असे वाटू लागते. व्यवस्थापनाने त्या वाढीला बदनामी मानले, की मुले पुन्हा गप्प होतात.

मुलांना निर्णयात घेतले तर

त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्येच आग्नेय इंग्लंडमधल्या ४० माध्यमिक शाळांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक शाळेत विद्यार्थी आणि शिक्षक यांचा एकत्र कृतिगट केला. मुलांच्या पाहणीतून कुठे, कधी, काय त्रास होतो याची माहिती घ्यायची आणि नियम मिळून ठरवायचे, अशी पद्धत होती. भांडण झाले तर केवळ शिक्षा देऊन प्रकरण मिटवायचे नाही. दोन्ही बाजूंना बसवून काय झाले, कुणाला काय सोसावे लागले आणि आता ते कसे भरून काढायचे, हे बोलायचे. तीन वर्षांनंतर दादागिरीचा त्रास थोडा पण निश्चित कमी झाला आणि मुलांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. आक्रमक वागण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही.

नालंदा आणि इंग्लंड यांच्यात साधनांचे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. मुलांना एक भाषण देऊन किंवा एखादा ‘सुरक्षितता सप्ताह’ साजरा करून काम संपवलेले नव्हते. वर्षभर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाकडून काही ना काही होत राहिले. भरवसा असाच तयार होतो. मूल आधी किरकोळ गोष्ट सांगून पाहते. बाटली हरवली, कुणी बाकावर रेघोट्या मारल्या. त्याची दखल घेतली गेली, तर पुढे कधीतरी ते मोठी गोष्ट सांगते. पहिल्याच वेळी ‘एवढ्याशा गोष्टीसाठी काय आलास’ असे ऐकले, तर मोठी गोष्ट कधीच बाहेर येत नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर

मूल शाळेत पाच-सहा तास असते. बाकीचा वेळ गल्लीत, वस्तीत, रस्त्यावर जातो. तिथली सुरक्षितता कशाने ठरते? शिकागो शहरातल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी आठ हजारांहून अधिक रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. शाळा बुडवून मुले कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारी काही बोलतील का? कुणी भिंती खराब करत असेल तर हटकतील का? इथल्या लोकांवर भरवसा टाकता येतो का? जिथे उत्तरे ‘हो’ अशी होती, तिथे हिंसा कमी होती; वस्तीची गरिबी आणि इतर बाबी हिशेबात धरल्यावरही हा फरक राहिला.

जुन्या चाळीत किंवा वाडीत वाढलेल्यांना हे नवे वाटणार नाही. कुणाचाही मुलगा गॅलरीत पडला तर पहिले दार उघडेल ते उचलायचे. मात्र त्या आठवणीने हळवे होताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच वस्त्यांमध्ये काही मुलांना पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नसे. आपलेपणा सगळ्यांसाठी असेल तरच तो सुरक्षितता देतो. काहींना बाहेर ठेवून मिळवलेला एकोपा बाहेर राहिलेल्यांसाठी धोकाच असतो.

महाराष्ट्रात याची सर्वांत अवघड परीक्षा ऊसतोड कामगारांच्या मुलांची होते. दिवाळीच्या आसपास आई-वडिलांबरोबर बीड किंवा आसपासच्या जिल्ह्यांतून साखर कारखान्यांच्या भागात गेलेले मूल पाच-सहा महिन्यांनी परतते, तेव्हा वर्गातली जागा, मित्र आणि धडे सगळेच पुढे सरकलेले असतात. गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत आणि त्यांची गरजही आहे. पण जे मूल गेलेच, ते परत येईल त्या दिवशी त्याचे नाव हजेरीत असणे, बाकावर जागा असणे, कुणीतरी त्याला शोधत आलेले असणे, हीसुद्धा सुरक्षिततेचीच व्यवस्था आहे. तिला कॅमेऱ्याएवढाही खर्च येत नाही.

उद्यापासून काय करता येईल?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हाच आहे. म्हणजे मुलाने विश्वासाने सांगितलेली अशी गोष्ट ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून दाबता येत नाही. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. अडते ते मूल बोलेल अशी परिस्थिती तयार करण्यात.

प्रत्येक शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नेमणे हे सरकारचे काम आहे आणि त्याची मागणी लावून धरली पाहिजे. नालंदाच्या निकालानंतर ‘शिक्षकांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊ’ हे उत्तर पुरेसे नाही. चार-पाच लहान शाळांना मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या वारी येईल, एवढी व्यवस्था झाली तरी ती आजच्यापेक्षा पुढची असेल.

तोपर्यंत पालकांना पुढच्या पालक सभेत चार प्रश्न विचारता येतील :

- तक्रारपेटी कोण उघडते, किती दिवसांनी, आणि तेव्हा शाळेबाहेरचे कुणी हजर असते का?
- चिठ्ठीवर काय केले, हे नाव न उघड करता मुलांना कळवले जाते का?
- शाळेत मूल न घाबरता जाऊ शकेल अशी, गुण आणि शिक्षा यांच्याशी संबंध नसलेली व्यक्ती कोण आहे? मुलांना तिचे नाव माहीत आहे का?
- स्वच्छतागृह, जिना, मैदानाचा कोपरा, बस यांपैकी मुलांना कुठे भीती वाटते, हे त्यांना कधी विचारले आहे का?

शेवटच्या प्रश्नासाठी मुलांना शाळेचा नकाशा काढायला देऊन नकोशा वाटणाऱ्या जागा लाल खडूने रंगवायला सांगणे पुरते. अर्ध्या तासात शाळेला जी माहिती मिळते, ती वर्षभराच्या चित्रीकरणातून मिळत नाही.

घरी ‘आज काय शिकवलं?’ याऐवजी कधी ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ असे विचारावे. सारखे एकच उत्तर ‘एकटाच’ असे आले, शाळेच्या सकाळी पोट किंवा डोके दुखत राहिले आणि सुट्टीच्या दिवशी थांबले, वह्या-पेन्सिली वारंवार हरवू लागल्या, झोप किंवा भूक बिघडली, तर मुलाला दरडावण्याआधी शाळेत जाऊन बोलावे आणि डॉक्टरांनाही दाखवावे. मुलाने काही सांगितलेच, तर पहिले वाक्य ‘तू काय केलं होतंस?’ हे नसावे. ‘बरं झालं सांगितलंस’ हे असावे.

संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी ‘टेली मानस’चा १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत. शाळेने ते तक्रारपेटीवरच मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि त्याखाली पेटी उघडणाऱ्या माणसाचे नाव आणि वारही.